एकटा बसलो की कनू गोल गोल फिरते, होडी वाकडी आहे की मी?

हलती_होडी:

मंडळी नमस्कार. इथे कॅनडा-अमेरिकेतले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय, कुणी कनू नियमित चालवत असेल तर मदत करा.

गेल्या महिन्यात सेकंड हँड कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद उघडी होडी, घेतली. (आईला फोनवर सांगितलं कनू घेतली, तर म्हणे कोण कनू, कुत्रं पाळलंस की काय. असो.) सोळा फुटी आहे, रॉयलेक्स नावाच्या प्लास्टिकची, प्रॉस्पेक्टर टाईप, हिरवी, बुडाला भरपूर ओरखडे आहेत पण भोक कुठेच नाही. विकणारे म्हातारबाबा म्हणाले की ही होडी शहाणी आहे, तू तिचं ऐकलंस तर ती तुझं ऐकेल. मला तेव्हा वाटलं माल खपवायला बोलतायत.

याआधी आम्ही दोनचार वेळा भाड्याची अ‍ॅल्युमिनियमची कनू चालवली होती, ती म्हणजे अक्षरशः पाट, हलायचं नाव नाही. ही मात्र पाय टाकला की अशी लचकते की पोटात गोळाच येतो. बायको पुढे मी मागे असं बसलो तर निदान सरळ तरी जाते. पण गेल्या शनिवारी तिला बरं नव्हतं म्हणून कवार्था भागातल्या एका लहान तळ्यावर एकटाच गेलो, नेहमीसारखा मागच्या सीटवर बसलो, आणि जे काही झालं ते सांगायला पण लाज वाटते. नाक हवेत. उजवीकडून वल्हं मारलं की डावीकडे वळते, बाजू बदलली की उजवीकडे, म्हणजे तीन वल्ही इकडे तीन वल्ही तिकडे, दर वेळी पात्यावरचं पाणी मांडीवर, पँट भिजून चिंब. त्यात वारा सुटला. फार नाही हो, पानं हलतील इतपत, पण त्याने नाक असं फिरवलं जसं कुणी शेंडी धरून फिरवतंय. वाऱ्याकडे तोंडच करता येईना. शेवटी पलीकडच्या लव्हाळ्यात जाऊन रुतलो आणि मासे धरायला आलेल्या एका आजोबांनी मोटरबोटीला दोरी बांधून मला ओढत परत आणलं. वाटेत एवढंच म्हणाले, पोरा तू चुकीच्या सीटवर बसलायस. आता एकट्या माणसाने मागे नाही बसायचं तर काय पुढे बसायचं??

घरी आल्यावर गॅरेजच्या फरशीवर ठेवून मोजली. मधे रुंदी ३५ इंच, खोली १५ इंच, आणि इथेच मला शंका आली, दोन्ही टोकं फरशीपासून अडीच अडीच इंच वर आहेत, मधलाच भाग टेकतो. म्हणजे उन्हात पडून वाकलीय का? खाली कील (बुडाच्या मधोमध लांबीभर जाणारी उभी पट्टी) वगैरे काही नाही. तर आता एक लाकडी पट्टी कील म्हणून ठोकावी, की विकून टाकून सरळ रुंद सपाट बुडाची घ्यावी, की मीच वाकडा आहे?

पंपू:

आजोबांनी उत्तर दिलं आणि तू ते ऐकलं नाहीस. पुढच्याच सीटवर बसायचं. पण उलटं. बाकी जाणकार येतीलच, मी चहा घेऊन बसतो.

पीटरबरोकर:

पंपूशेठ, आधी लिहून टाकलंत, आता मला सविस्तर लिहावं लागणार.

हलतीहोडी, पहिली गोष्ट, होडी वाकलेली नाही, कृपा करून तिला उन्हात उलटी ठेवून दगड बिगड ठेवू नकोस. ती अडीच इंचाची कमान मुद्दाम दिलेली असते, तिला रॉकर म्हणतात. आपल्या लाकडी पाळण्याला खाली कसा बाक असतो तसा. बाक जास्त म्हणजे टोकं पाण्यात कमी, म्हणून होडी जागच्या जागी भिंगरीसारखी वळते, आणि बाक नसेल तर सुरीसारखी सरळ जाते पण वळवायला घाम निघतो. लांबच्या सपाट तळ्यांवर जाणाऱ्या होड्यांना रॉकर अगदी नावाला असतो, खळखळत्या नदीत दगड चुकवत जायच्या होड्यांना चार इंच आणि त्याहून जास्त, तुझी मधली आहे. म्हणजे वळायला उत्सुक असलेली होडी तू घेतलीस आणि ती वळते म्हणून तक्रार करतोयस.

आता सीटचं. टेप घे आणि दोन्ही सीट आपापल्या टोकापासून किती लांब आहेत ते मोज. मागची सीट टोकाच्या जवळ असते आणि पुढची बरीच आत, कारण पुढच्याला पाय ठेवायला जागा लागते. मग तू एकटा मागे बसलास की सगळं वजन शेपटावर, पुढचे चार-पाच फूट पाण्याला टेकतच नाहीत, सोळा फुटी होडीची अकरा-बारा फुटी झाली. आणि वर उचललेलं ते नाक वाऱ्याला शिडासारखं मिळालं. हलकं टोक वारा ढकलतो आणि जड टोक पाण्यात रुतून तिथेच राहतं, म्हणून तुझं नाक कायम वारा जातो तिकडे वळत होतं. तू कितीही वल्हं मारलं असतंस तरी काही उपयोग नव्हता. इथे जुने लोक एका ओळीत सांगतात, जड टोक वाऱ्याकडे. वाऱ्याच्या विरुद्ध जायचं तर सामान पुढे सरकव, वाऱ्याबरोबर जायचं तर मागे.

उपाय हा की प्रॉस्पेक्टर पुढून-मागून सारखीच असते, म्हणून एकट्याने पुढच्या सीटवर उलटं तोंड करून बसायचं, मग होडीचं शेपूट तुझं नाक होतं आणि तू मधल्या आडपट्टीच्या बराच जवळ येतोस. फक्त एकदा खात्री कर की सगळ्यात रुंद जागा बरोबर मध्यावर आहे. काही होड्यांत रुंदी मध्याच्या जरा मागे ठेवलेली असते, त्या उलट्या चालवल्या तर वेड्यासारखं वागतात. आणि सीट बादलीसारखी खोलगट असेल तरी उलटं बसता येत नाही, वेताची किंवा पट्ट्यांची सपाट असेल तर ठीक.

तरी तू एकटा ७०-७५ किलोचा आणि होडी मोठी. प्रॉस्पेक्टर हे नाव कशावरून पडलं माहितेय ना, खनिजं शोधायला आणि सर्व्हे करायला उत्तरेच्या जंगलात जाणाऱ्या लोकांसाठी केलेली होडी ही. तंबू, पिठाची पोती, कुऱ्हाडी, दोन माणसं, कधी वर शिकार, एवढं सगळं घालून ती पाण्यात नीट बसायची. फ्रेडरिक्टनच्या चेस्टनट कंपनीची प्रॉस्पेक्टर सगळ्यात गाजलेली, कनूवर सिनेमे आणि पुस्तकं करणारा बिल मेसन तीच चालवायचा. ती कंपनी १९७० च्या दशकाच्या शेवटी बंद पडली पण नाव इतकं चाललं की आता प्रत्येक कंपनी आपली प्रॉस्पेक्टर काढते आणि कुठल्याच दोन सारख्या नसतात. मुद्दा असा की रिकामी प्रॉस्पेक्टर म्हणजे रिकामा ट्रक, उडतेच. २० लिटरचा पाण्याचा कॅन भरून तुझ्यासमोर जरा लांब बांधून ठेव. दगड घालू नको, होडी उलटली तर दगड बुडवतात, पाणी पाण्यात गेल्यावर वजन करत नाही.

अभियंता_नंबर_२:

कील ठोकायला काय हरकत आहे? खाली दीड इंचाची पट्टी आली की सरळ जाणारच, साधं हायड्रोडायनामिक्स आहे. भाड्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सगळ्या होड्यांना कील असते ती काय उगाच?

पीटरबरोकर:

अर्धं उगाचच असते. ग्रुमन ही विमानं बनवणारी कंपनी, दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या कनूंमध्ये उतरली, दोन अर्धुकं दाबून बनवायची आणि मधे जोडायची, तो जोड म्हणजे ती कील. जोडाचीच गरज होती हो. सरळ जायला थोडी मदत होते हे मान्य, पण थोडीच, आणि डगमग कमी होत नाही, बऱ्याच लोकांना वाटतं की होते. उलट उथळ पाण्यात दगडाला अडकते, आणि बाजूने लाट आली की होडी सरकून जायच्या ऐवजी अडखळते. रॉयलेक्स म्हणजे आतून फोम आणि बाहेरून प्लास्टिकचे थर. त्यात तू स्क्रू मारणार? रॉयलेक्स बनणं २०१४ च्या आसपास बंद झालं, आहे ती जपा.

बांगडा_तिरफळ:

हय कोण तरी उलांडीचा नाव घेईत म्हणून मघापासून वाट बघतंय!

मी मालवणचा, आता बेलापूर. आमच्याकडे होडी इतकी अरुंद असते की नुसती पाण्यात सोडली तर आडवीच होईल, पण बाजूला दोन वाकड्या दांड्यांवर लाकडाचा ओंडका बांधलेला असतो, ती उलांडी, की मग पोरगं पण उभं राहून जाळं टाकतं. म्हणजे होडी रुंद करायच्या ऐवजी आम्ही पाय फाकवून उभं राहिलो. तुमच्या त्या कनूला एक उलांडी बांध, विषय संपला. फक्त एक आहे, उलांडी पाण्यात घासते त्यामुळे होडी कायम तिच्या बाजूला ओढ खाते, आमचे आजोबा त्याचा हिशोब हातातच ठेवायचे, विचारलं तर सांगता यायचं नाही त्यांना.

पंपू:

काका आयडिया भारी आहे, पण इथे दोन तळ्यांमधे होडी डोक्यावर घेऊन जंगलातून चालत जावं लागतं. उलांडीसकट म्हणजे नांगर घेऊन निघाल्यासारखं दिसेल.

बांगडा_तिरफळ:

डोक्यावर होडी? मग ती होडी की टोपी.

कॅम्पवाली:

मी ओंटारियोतच वाढले, शाळेत असल्यापासून समर कॅम्पला कनू, नंतर चार उन्हाळे तिथेच शिकवलं, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. मराठी टायपिंगच्या चुका माफ करा.

सीट आणि वजनाचं वर सांगितलंय ते शंभर टक्के बरोबर. पण तीन इकडे तीन तिकडे हे बंद कर. वल्हं एका बाजूला मारलं की नाक दुसरीकडे जाणारच, कारण जोर मध्यरेषेच्या बाजूला लागतोय, त्यात होडीचा काही दोष नाही. प्रत्येक वल्ह्याच्या शेवटी ते थोडं दुरुस्त करायचं असतं, त्याला जे स्ट्रोक म्हणतात, डाव्या बाजूला मारलं तर पाण्यात इंग्रजी जे उमटतो म्हणून.

कसं करायचं ते बघ. वल्हं उभं धर, तिरकं नाही, वरचा हात होडीच्या बाहेर पाण्यावर आला पाहिजे. पुढे वाकून पातं पूर्ण बुडव, होडीला चिकटून सरळ मागे आण. कमरेपाशी आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली, पाण्याकडे फिरव. खाली! हे सगळ्यात महत्त्वाचं. अंगठा खाली गेला की पात्याची ज्या बाजूने तू पाणी ओढत होतास तीच बाजू आता बाहेर बघते, आणि एक छोटासा धक्का बाहेर दिला की नाक परत जागेवर. धक्का म्हणजे अगदी दाराची कडी सरकवतो एवढाच. आणि वल्हं कमरेच्या फार मागे ओढत नेऊ नकोस, तिथे ते पुढे न्यायच्या ऐवजी पाणी वर उचलतं आणि होडीला आणखी वळवतं.

नवशिके सगळे अंगठा वर करून पात्याच्या पाठीने ढकलतात, वल्हं काठावर टेकवून. त्याला इथे गून स्ट्रोक म्हणतात. चालतं, ताकद पण जास्त आहे, नदीत मीही वापरते, पण दर वेळी ब्रेक मारल्यासारखं होतं आणि तासाभरात दमतोस.

आणि गुडघ्यावर बस. सीटवर बसून वर डोलतोस म्हणून लचकते असं वाटतं, अर्धी डगमग ही तुझ्या पोटाच्या उंचीची आहे. बूड सीटच्या कडेला टेकव, गुडघे दोन्हीकडे लांब, तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथपर्यंत. म्हणजे तीन पायांचं स्टूल. फक्त सीट खाली असेल तर मोठे बूट घालून पाय आत अडकवू नकोस, उलटली तर पाय निघाले पाहिजेत.

ठाणेकर_ह्यूस्टन:

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. माणूस शनिवारी दोन तास तळ्यावर बायको-पोरांना घेऊन जाणार, त्याला तुम्ही अंगठा खाली आणि गुडघ्यावर बस सांगताय. सगळ्यांना त्यात पदवी नाही घ्यायची. माझ्याकडे रुंद, सपाट बुडाची आहे, ३८ इंची, पोरं त्यात मारामाऱ्या करतात, मी गळ टाकून झोपतो, काही होत नाही. एकटा असलो तर कयाकसारखं दोन पात्यांचं लांब वल्हं घेतो, २६० सेंटीचं, डावं उजवं डावं उजवं, सरळ जाते. विक आणि सपाट घे.

सीवन_भोपाळ:

ठाणेकर, तुमचं शांत पाण्यावर बरोबर आहे पण थोडं गणित मांडतो.

मी स्पोर्ट्स कोट्याच्या नादात दोन वर्षं भोपाळला छोट्या तलावावर स्प्रिंट कनू केलं, सी-वन. ती होडी जास्तीत जास्त ५ मीटर २० सेंटी लांब, वजन कमीत कमी १४ किलो, एक गुडघा टेकवून एकाच बाजूला वल्हं, सुकाणू नाही. पहिला महिना मी होडीत कमी आणि पाण्यात जास्त होतो. कोच किनाऱ्यावरून एकच ओरडायचे, कमर ढीली छोड. अंग ताठ केलं की तुम्ही आणि होडी एकच वस्तू होता आणि दोघं मिळून पडता, कमर सैल असली की होडी खाली हलते आणि तुमचं डोकं जागेवर राहतं. हलतीहोडी, पोटात गोळा आला की माणूस काठ घट्ट धरतो, तेच करायचं नाही.

गणित असं, सुरुवातीचा ताठपणा (म्हणजे होडी कलायला करते तो विरोध) पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीच्या घनाने वाढतो. ३० इंचाची ३६ केलीत तर रुंदी २० टक्केच वाढली पण ताठपणा १.७३ पट. म्हणून ठाणेकरांच्या ३८ इंचात पोरं नाचतात. पण ही गोष्ट पहिल्या काही अंशांची झाली. जास्त कलल्यावर काय होतं ते रुंदीवर नाही, आकारावर ठरतं.

स्वयंपाकघरातलं घ्या. परात पाण्यात ठेवली तर ठाम बसते, कलवली तर आधी जोरात विरोध करते, मग कड पाण्यात गेली की एका क्षणात भरते. कढई हात लावला की डुलते, पण डुलत डुलत बराच वेळ तग धरते. सपाट बूड म्हणजे परात. तुझी प्रॉस्पेक्टर म्हणजे उथळ कढई, तळाला हलकी कमान आणि भिंती वरपर्यंत जवळजवळ उभ्या किंवा थोड्या बाहेर. कलली की ती भिंत पाण्यात जाते, तिकडची तरंगण्याची ताकद वाढते आणि ती परत ढकलते. आणि लाटेत तर उलटाच प्रकार, सपाट बूड लाटेच्या उताराला चिकटतं, लाट तिरकी की होडी तिरकी, गोल बुडाची होडी लाट खालून जाऊ देते. दुपारी वारा वाढल्यावर ओपिओंगोसारख्या मोठ्या तळ्यात तुम्ही परातीत बसणार का ते बघा.

ठाणेकर_ह्यूस्टन:

मी ओपिओंगोला जातच नाही, मी ३० एकराच्या तळ्यात बांगड्याच्या आकाराचे मासे धरतो. पण परातीचं पटलं.

पीटरबरोकर:

सीवन, परात-कढई मी चोरणार आता. त्यात तांब्या पण घाला, काही होड्यांची पोटं फुगीर आणि वरचा काठ आत वळलेला असतो, टंबलहोम म्हणतात, हात काठावर न घासता वल्हं उभं मारता येतं म्हणून. पण फार आत वळवला तर कलल्यावर मदतीला भिंतच नसते, लाट सरळ आत. बाहेर फाकलेल्या भिंती लाट फेकून देतात पण मग वल्ह्याला लांब हात करावा लागतो. एक घ्यायचं तर दुसरं सोडावं लागतं.

आणि हो, ठाणेकरांचं दोन पात्यांचं वल्हं वाईट नाही, वाऱ्यात मीही कधी कधी काढतो. लोक नाक मुरडतात ते सोडा.

हलतीहोडी, मधल्या आडपट्टीजवळ गुडघ्यावर बसून एकदा मुद्दाम होडी वल्ह्याच्या बाजूला कलव, दोन्ही गुडघे त्याच बाजूला आणून. काठ पाण्यापासून दोन-तीन बोटं राहील इतकी. इथल्या अल्गॉन्क्विन पार्कमधला ओमर स्ट्रिंगर असाच चालवायचा, ओंटारियोतली एकट्याने चालवायची सगळी पद्धत त्याच्या वळणाची. कललेली होडी पाण्यात लहान आणि अरुंद होते, टोकं वर येतात, वल्हं तुझ्या मांडीला लागून उभं पडतं, आणि मग ती बोटावर नाचते. तुला वाटेल आता गेलो. पण ती तिथेच थांबते, भिंतीला टेकल्यासारखी. एकदा ते थांबणं अंगाला कळलं की तुझी भीती जाईल. किनाऱ्याजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, उन्हाळ्यात कर.

कॅम्पवाली:

उन्हाळ्यात हे ठळक करा कुणीतरी. अल्गॉन्क्विनच्या तळ्यांवरचा बर्फ एप्रिल संपता संपता किंवा मे लागल्यावर जातो आणि त्यानंतर हवा २० डिग्री झाली तरी पाणी बर्फाचंच असतं. थंड पाण्यात पडलात तर १-१०-१ लक्षात ठेवा, मॅनिटोबा विद्यापीठातल्या गीसब्रेख्तनी सांगितलेलं. एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि एक तास शुद्ध हरपायला. बुडणारे बहुतेक त्या पहिल्या मिनिटात किंवा दहा मिनिटांतच जातात कारण लाईफ जॅकेट सीटखाली असतं. अंगात घाल. नुसतं होडीत ठेवून कायद्याचं समाधान होतं, तुझं नाही. शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि १५ मीटरची तरंगती दोरी हे पण लागतंच इथे. आजोबांच्या दोरीवर दर वेळी नाही चालणार ना.

हलती_होडी:

दोन वीकेंड झाले म्हणून अपडेट देतो.

टेप लावला. पुढची सीट टोकापासून खरंच फूट-दीड फूट जास्त आत आहे. इतके दिवस बघूनही दिसलं नव्हतं. रुंदी बरोबर मधेच. तेच तळं, उलटा बसलो, २० लिटरचा कॅन समोर दोरीने बांधला. बायको किनाऱ्यावर खुर्ची टाकून व्हिडिओ काढायला सज्ज, आणि शेजारच्या धक्क्यावर तेच मोटरबोटवाले आजोबा. मला बघून त्यांनी दोरी वर करून दाखवली.

नाक खाली बसलं हे पहिल्या मिनिटात कळलं, आधी पुढे पाणी चपाक चपाक वाजायचं ते बंद झालं. वारा होता तरी नाक जागेवर राहत होतं, म्हणजे वळत होतं पण मी परत आणू शकत होतो. जे स्ट्रोक मात्र पहिला तासभर अजिबात नाही. अंगठा खाली म्हणलं की माझा कोपर वर जायचा आणि वल्हं होडीखाली शिरायचं, एकदा तर त्यानेच जवळजवळ उलटलो. मग मी सगळं सोडून नुसतं शेवटचं फिरवणं करत बसलो, वल्हं न ओढता, कमरेपाशी पातं बुडवायचं आणि अंगठा खाली करून बाहेर ढकलायचं, होडी जागच्या जागी वल्ह्याच्या बाजूला वळते ते बघायचं. पन्नासेक वेळा. मग पुढचं ओढणं त्याला जोडलं. दुसऱ्या वीकेंडला एकदा बाजू न बदलता २३ वल्ही सरळ गेलो, मोजली मी. चोविसाव्याला मागे वळून बायकोकडे बघितलं आणि परत गोल.

कलवून बघितली, कमरेएवढ्या पाण्यात. पीटरबरोकर, ते थांबणं खरंच आहे. काठ पाण्याला लागायला आला, मी डोळे मिटले, आणि ती उभीच. कमर सैल ठेवली होती हेही सांगतो, भोपाळच्या सरांना कळवा. मग हुरूप येऊन आणखी दोन बोटं कलवली आणि गेलो पाण्यात. जॅकेट अंगात होतं. पाणी गरम होतं. आजोबा दोरी घेऊन उठलेच होते, मी हात करून नको म्हणलं आणि चालतच होडी काठाला आणली.

कील ठोकत नाही, विकत नाही. पण गुडघ्यांची वाट लागलीय, दोन दिवस जिना उतरताना कठड्याला धरून उतरतोय. खाली काय घालता तुम्ही लोक?

कॅम्पवाली:

जुनी योगा मॅट. चार घड्या घालून बुडाला टेकव, ओली असली की घसरत नाही. आणि दर वीस मिनिटांनी एक पाय पुढे सोडून बस, सलग कुणीच बसत नाही.

बांगडा_तिरफळ:

गोणपाट घाल. आमचे आजोबा तेच घालायचे. आणि ती उलांडी अजून देऊ शकतो, कुरियरचा खर्च तुझा.